घरच्या पवनचक्कीचा विचार करताय? या चुका टाळा

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर किंवा पाटणकडे वनकुसवड्याला आषाढात गेलं, की गरगर फिरणारी पाती बघून अनेकांना वाटतं, आपल्याही गच्चीवर एक असावी. जरूर असावी, पण आगाऊ रक्कम देण्याआधी थोडा हिशोब करा.

सगळ्यात महागात पडते ती पाटीवरचा आकडा बघून मशीन घेण्याची चूक. 'एक किलोवॅट' म्हणजे साधारण सेकंदाला 12 मीटर वारा असताना मिळणारी वीज. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. 4 मीटरवर तर हजारातले जेमतेम 37 वॅट उरतात. तसा वारा चोवीस तास वाहिला तरी एक युनिट भरत नाही. म्हणून विक्रेत्याला पात्यांचा व्यास विचारा, आणि 4-5 मीटर वाऱ्यात महिन्याला किती युनिट मिळतील ते लिहून घ्या. व्यास दुप्पट झाला तर वारा चौपट क्षेत्रातून मिळतो.

जागेची परीक्षा पावसाळ्यात करू नका. आपल्याकडचा खरा जोर जून ते सप्टेंबरचा. दिवाळीनंतर सांगली जिल्ह्यातल्या ढालगावच्या माळावरही मोठमोठ्या चक्क्या कित्येकदा उभ्याच दिसतात. घरासाठी सोबत सोलर हवंच. ढगाळ दिवसांत ते मंदावतं, तेव्हा वारा साथ देतो.

गच्ची ही जागाच चुकीची, असं माझं स्पष्ट मत आहे. घरं-झाडांवरून येणारा वारा भोवरे घेत येतो, पाती सारखी दिशा बदलतात आणि थरथर स्लॅबमध्ये उतरते. दीडशे मीटरच्या आतल्या सगळ्या अडथळ्यांपेक्षा पाती निदान 10 मीटर उंच हवीत. त्यामुळे टॉवर, पाया, केबल, कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा) आणि बॅटरी यांचा खर्च बऱ्याचदा मशीनच्या बरोबरीने जातो. तो आधीच धरा.

वारा असताना मशीनची वायर कधीही सोडू नका. भार सुटला की पाती बेफाम फिरतात, व्होल्टेज चढतं आणि कंट्रोलर जळतो. बॅटरी भरल्यावर जादा वीज जिरवणारा हीटर लोड जोडलेलाच असावा.

पाती फिरतात पण चार्जिंग नाही? वारा पडल्यावर ब्रेक लावा, पाती दोरीने बांधा आणि मशीनच्या तिन्ही वायर रेक्टिफायरपासून (मशीनच्या एसी विजेचं बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) सोडवा. मग दोरी आणि ब्रेक सोडून पाती हाताने फिरवा. वायर मोकळ्या असताना ती हलकी फिरली पाहिजेत, तिन्ही एकत्र जोडल्यावर जड. जोडूनही हलकीच फिरली, तर वायर किंवा वाइंडिंग (मशीनमधली तारेची वेटोळी) तुटलंय. मोकळ्या असतानाही जड असतील, तर शॉर्ट किंवा बेअरिंग बघा. दोन्ही वेळा ठीक असेल, तर दोष रेक्टिफायरच्या डायोडमध्ये, कंट्रोलरमध्ये किंवा बॅटरीकडच्या जोडणीत शोधा.

वळवाच्या विजा सुरू होण्याआधी, म्हणजे मार्चमध्येच, अर्थिंग तपासा आणि टॉवरच्या ताणतारा घट्ट करून घ्या.