पुढून बघू नका, उलटा करा

मी शिंपी. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं दुकान वडिलांचं, आता माझं. वडील ऐतिहासिक पिक्चरच्या कपडेपटासाठी शिवायचे. त्यामुळे हल्ली कुणी जुन्या पिक्चरमधला म्हणून अंगरखा, शेला नाहीतर तलवार विकत घेतली की "मामा, खरंच पिक्चरमधलं आहे का, जरा बघता काय?" म्हणत पिशवी घेऊन दुकानात येतं. दरवेळी तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

कपडा हातात आला की आधी उलटा करा. पुढची बाजू कॅमेऱ्यासाठी केलेली असते, ती झकास दिसणारच. आतून मात्र शिवण नीटनेटकी, अस्तर चापूनचोपून बसवलेलं आणि सगळ्या कडा दुमडलेल्या दिसल्या तर मला तिथंच शंका येते. कपडेपटाचं काम कायम घाईचं. आज मावळा झालेला गडी उद्या मोगल सरदार होतो, आणि एकच अंगरखा चार अंगांवर चढतो. म्हणून बाजूच्या शिवणीत चांगली दोन-दोन इंच माया, म्हणजे आत दुमडलेला जास्तीचा कपडा, ठेवलेली असते. ती सोडून परत आवळली की जुन्या टाक्यांच्या भोकांची रांग मागं राहते. बंदांच्या आड टिचबटणं लपवलेली असतात, कारण दोन शॉटच्या मधे बंद बांधत बसायला वेळ कुणाला? गळ्याच्या आतल्या बाजूला मेकअप आणि घामाचा विटकरी पट्टा हवा. पट्टा नसेल तर कपडा कुणी घातलाच नाही, किंवा कुणीतरी धुतलाय.

धुण्यावरून माझीच फजिती सांगतो. वडिलांच्या पेटीतला एक झब्बा मी भक्तिभावानं पावडरमध्ये भिजवून स्वच्छ केला. मेकअपचा डाग गेला. वर नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली धरला तर सगळा झब्बा निळा चमकायला लागला. टिनोपाल आणि आताच्या पावडरींमध्ये जे चमक आणणारं रसायन असतं, त्याचा हा प्रताप. म्हणजे अंधारात टॉर्च मारल्यावर कपडा चमकला तर तो नवा असेल किंवा नंतर धुतलेला असेल, एवढंच कळतं. नाही चमकला म्हणून जुना ठरत नाही. टॉर्चवाल्या व्हिडिओंवर भाळू नका, आणि घेतलेली वस्तू धुऊ तर अजिबात नका.

दोऱ्याची परीक्षा जास्त भरवशाची. शिवणीच्या आतून अर्धा इंच दोरा काढा, चिमट्यात धरून काडी लावा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि चिमटीत राख उरते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. पॉलिएस्टरचा शोधच 1941 चा, आपल्या पेठेतल्या शिंप्यांच्या हातात तो दोरा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला. पण एकाच जागचा दोरा काढून निकाल देऊ नका. बगल, बाजूची मुख्य शिवण आणि खालचा घेर, तीन ठिकाणचा बघा. घेर नेहमी फाटतो आणि नेहमी नव्यानं शिवला जातो.

चहाच्या पाण्याचं दुखणं वेगळंच. पांढराशुभ्र कपडा दिव्याखाली डोळ्यात खुपतो म्हणून कपडेपटवाले तो चहात बुडवायचे. नकली माल जुना दाखवणारेही चहातच बुडवतात! घेर उसवून दुमडीत बघा. कपडा शिवल्यावर बुडवलेला असेल तर दुमडीच्या रेषेवर रंग साचून गडद होतो. नुसता वापरून, उन्हानं विटलेला असेल तर दुमडीतला भाग उलट ताजा राहतो.

रंगावरून पिक्चर ओळखायला जाऊ नका. मूकपटांच्या काळातल्या फिल्मवर तांबडा रंग काळा उमटायचा आणि निळा जवळजवळ पांढरा, त्यामुळे पडद्यावरची काळी पैठणी पेटीत लालभडक निघू शकते.

तलवारीचं काम पटकन होतं. उचलून बघा, ॲल्युमिनियमची असेल तर हाताला कळतं. मुठीत फुलीचा स्क्रू दिसला तर तीसच्या दशकाची गोष्ट विसरा. दागिन्यांना गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, नेऊन दाखवा, तिथले कारागीर पाणी चढवलेला पत्रा लांबूनच ओळखतात.

सोबत कागद असेल तर तो आधी वाचा, मग त्याच्यावर विश्वास ठेवा. प्रभात फिल्म कंपनी 1929 ला कोल्हापुरात निघाली आणि 1933 ला पुण्याला गेली, त्यामुळे "प्रभात, कोल्हापूर, 1938" असं पत्र कुणी दाखवलं तर हसून परत द्या. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कागद 1972 च्या पुढचा. बिलात नये पैसे असतील तर 1957 च्या आधीचा नाही. कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ 1948 ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जळाला होता. त्याच्या आधीचं काही तिथलं म्हणून कुणी विकत असेल, तर ते त्या दिवशी कुठं होतं, हे त्यानंच सांगायला पाहिजे.

गेल्या महिन्यात एक पोरगा जरीचा अंगरखा घेऊन आला. पन्नासच्या दशकातला, एका गाजलेल्या नटाचा, असं विकणाऱ्यानं सांगितलेलं. बाजूच्या शिवणी सुती, घेर पॉलिएस्टर, गळ्याला विटकरी पट्टा, जरीची तार काळवंडलेली. काळजात बरं वाटलं. मग मोबाइलवर पिक्चर लावला, नट जवळ येतो तिथं थांबवला, आणि छातीवरच्या बुट्ट्या मोजल्या. हातानं काढलेली बुट्टी एकसारखी कधीच नसते, ती बोटाच्या ठशासारखी जुळवायची असते. पडद्यावर पहिल्या बंदापासून खांद्यापर्यंत पाच बुट्ट्या होत्या, तिसरी जरा वाकडी. हातातल्या कपड्यावर सात, सगळ्या सरळ.

"कपडेपटाचाच आहे," मी म्हणालो, "पण त्या पिक्चरचा नाही."

पोरगा गप्प बसला. मग त्यानं कॉलरखाली शाईनं लिहिलेली तीन नावं दाखवली, एकावर एक खोडलेली. त्यात नटाचं नाव नव्हतंच. जत्रेतल्या नाटकांना भाड्यानं जाणारा माल असावा, असं मला वाटतं.

"घेर शिवून देताय काय, मामा?" त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. उसवलेलाच राहू दे. उद्या तू विकायला काढलास तर घेणारा आधी तिथंच बघणार.