डोळ्यांना धार लागते, तरी डोळे कोरडेच! या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर बसलं की हा संवाद ठरलेला. "डोळे चुरचुरालेत, कायतरी थेंब द्या बघू." डोळे कोरडे पडलेत वाटतं मामी, असं म्हटलं की मामी पदरानं गाल पुसत म्हणतात, "कोरडे कुठले? दिवसभर धार लागलीय की!"

गफलत इथूनच सुरू होते. डोळ्यावरचा अश्रूंचा थर नुसत्या पाण्याचा नसतो. खाली बुबुळाला धरून राहणारा बुळबुळीत अंश, त्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा तवंग. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीनं बसलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. ग्रंथींची तोंडं बुजली की वरचा तवंग जातो, पाणी लगेच उडतं, बुबुळ उघडं पडून खुपायला लागतं. मग शरीर घाईघाईनं अश्रू सोडतं. ते गालावर ओघळतात, आणि डोळा पुन्हा कोरडा. बहुतेकांचा कोरडेपणा असा, तेलात बिघाड झाल्यानं आलेला असतो. बाटलीमागून बाटली संपवूनही फरक पडत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

लाली घालवणारे थेंब

नाफाझोलिनसारखं औषध असलेले थेंब रक्तवाहिन्या आकसवतात. डोळा थोड्या वेळात पांढरा दिसतो, लग्नाच्या फोटोपुरतं बरं. पण रोज घातले तर औषध उतरल्यावर लाली जास्तच येते आणि माणूस पुन्हा तीच बाटली शोधतो. कोरडेपणा आहे तिथंच.

याहून वाईट सवय म्हणजे जुन्या चिठ्ठीवरचे स्टिरॉइडचे थेंब. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही ती नावं. पुष्कळदा अँटिबायोटिकबरोबर एकाच बाटलीत असतात, त्यामुळे घेणाऱ्याला पत्ताही नसतो. आराम झटकन पडतो, खोटं कशाला बोलू. डोळ्यांचे डॉक्टरसुद्धा कोरडेपणात थोडे दिवस, डोळ्यांचा दाब तपासत, ते देतात. स्वतःच्या मनानं महिनोन् महिने घातले तर डोळ्यांचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूत गेलेली नजर परत मिळत नाही. आणि आपल्याकडे, चिकोडी-निपाणीच्या ऊसपट्ट्यात, आणखी एक धोका आहे. उसाचं पातं डोळ्याला चाटून गेलं की बुबुळावर बुरशीची जखम होऊ शकते. तिथं 'चुरचुरतंय' म्हणून घरातले स्टिरॉइडचे थेंब घातले तर बुरशीला रान मोकळं. चिठ्ठीशिवाय हे थेंब मागूच नका, आणि कुणी दिले तरी घेऊ नका.

मध, एरंडेल, गुलाबपाणी हेही डोळ्यांत नको; ते निर्जंतुक नसतं. काजळ पापणीच्या आतल्या कडेवरून फिरवलं की तेलाची तोंडं आणखी बुजतात.

मग घालायचं काय?

कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असलेले कृत्रिम अश्रू. खुपायला लागल्यावर नाही, ठरलेल्या वेळेला. दिवसातून चार-सहापेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, कारण थेंब टिकावेत म्हणून घातलेलं बेंझाल्कोनियम क्लोराइड वारंवार गेलं तर तेच डोळ्याला बोचतं. फोडलेली साधी बाटली महिन्याभरानं टाकून द्या, अर्धी शिल्लक असली तरी. थेंब एकच पुरतो. दुसरा गालावरच जातो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

ग्रंथींत बुजलेलं तेल पातळ व्हावं म्हणून पापण्यांना गरम शेक द्यायचा. तो देताना बहुतेकजण ओला रुमाल एकदा ठेवतात आणि दोन मिनिटांत उचलतात. रुमाल तोवर थंड झालेला असतो, तेल काही पातळ होत नाही. थर्मासमध्ये गरम पाणी आणि दोन रुमाल घ्या. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सोसेल इतकंच गरम हवं. आलटून पालटून आठ-दहा मिनिटं शेका. लगेच मिटलेल्या पापण्यांवरून बोट हलकेच फिरवा, वरच्या पापणीला खाली आणि खालच्या पापणीला वर, म्हणजे केसांच्या दिशेनं. शेवटी कड स्वच्छ पुसा. हे रोज, आणि निदान महिनाभर तरी.

आजूबाजूला बघा

मोबाइल असो की वडगावच्या मागावरचा तुटलेला धागा, नजर रोखली की पापण्या कमी लवतात आणि अर्ध्याच मिटतात. मुद्दाम पूर्ण मिटा. बेंगळुरूच्या रात्रीच्या एसी बसमध्ये डोक्यावरची झडप तोंडावरून वळवा. उद्यमबागेला गाडीवरून जाताना हेल्मेटची काच खाली असू द्या. तंबाखूच्या वखारीतून बाहेर पडल्यावर आधी साबणानं हात धुवा. डोळे चोळणं मात्र कायमचं बंद.

गोळ्यांकडे कुणाचं लक्षच जात नाही. सर्दीची सेटिरिझिन, मुरमांची आयसोट्रेटिनॉइन, नैराश्यावरच्या काही गोळ्या डोळे सुकवतात. मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. तोंडही कोरडं पडतंय, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, सांधे धरतात, असं असेल तर शोग्रेन (Sjögren) हा आजार असू शकतो. त्यासाठी रक्ताची तपासणी लागते. हा विशेषतः चाळिशीपुढच्या बायकांत दिसतो, आणि 'वय झालं' म्हणून तो वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो.

डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिनचे थेंब लिहून दिले तर सुरुवातीला ते झोंबतात, आणि गुण यायला काही महिने लागतात. पंधरा दिवसांत "काय उपयोग नाही" म्हणून बाटली परत आणणारे पुष्कळ भेटतात.

डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर धूसर झाली असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर थेंब मागायला आमच्याकडे येऊ नका. बेळगाव, कोल्हापूर, मिरज, जे जवळ पडेल तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा, आणि जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. रिकाम्यासुद्धा.