नवा फिश टँक: नितळ पाण्यात मासे का मरतात? या चुका टाळा

रविवारी टँक आणला, रेती धुतली, पाणी भरले, संध्याकाळी दहा-बारा मासे सोडले आणि बुधवारपर्यंत त्यांतले निम्मे मेले, ही हकिगत नाशिकमध्ये नवा टँक घेणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. माझ्या पहिल्या टँकचेही हेच झाले होते. डिसेंबर महिना होता, टँक दोन फुटी होता, पाणी इतके नितळ की पलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता यावे. आणि चौथ्या दिवशी सकाळी मॉली पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होत्या. "पाणी खराब झालंय, सगळं बदलून टाका," असा सल्ला दुकानातून मिळाला. त्याप्रमाणे मी सगळे पाणी काढले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळून धुतला, आणि दुसऱ्या दिवशी उरलेले मासेही गेले. दिसायला स्वच्छ ते माशांना चांगले, हा समज माझ्या प्रत्येक चुकीच्या मुळाशी होता.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो रंगहीन असतो, त्यामुळे पाणी पाहून त्याचा पत्ता लागत नाही. जुन्या टँकमध्ये जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतो. नायट्राइटही घातकच, कारण ते माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घालवते. हे दुसरे काम नायट्रोबॅक्टर करतात असे पूर्वी धरले जाई. १९९८ च्या सुमारास झालेल्या संशोधनातून टँकमध्ये ते मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात असे पुढे आले. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, तर स्पंजवर, रेतीवर आणि काचेवर चिकटून राहतात आणि अतिशय सावकाश वाढतात. त्यांची पुरेशी वस्ती तयार करणे म्हणजेच टँक सायकल करणे, आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

नुसता रिकामा टँक चालवणे

धीर धरायला तयार असलेले लोकही येथे फसतात. महिनाभर फिल्टर आणि एअर पंप चालू ठेवून टँक "मुरवला" असे ते समजतात, पण त्या महिन्यात जिवाणूंना खायला काहीच मिळालेले नसते. अमोनियाचा स्रोत बाहेरून द्यावा लागतो. चिमूटभर खाद्य टाकून कुजू देणे ही जुनी पद्धत आहे, पण तीत प्रमाण कळत नाही आणि वासही येतो. त्यापेक्षा अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, उत्तम. कल्हईसाठी मिळणारा नवसागर शुद्ध असेलच असे नाही, म्हणून प्रयोगशाळेसाठी मिळणारी पूड घ्यावी. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टँकमध्ये रेती आणि वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ६० लिटर पाणी बसते, त्यात ०.४ ग्रॅम पूड टाकली की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. एवढे वजन घरच्या काट्यावर होत नाही, तेव्हा ४ ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात विरघळवून बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे आणि त्यातले १०० मिलिलिटर टँकमध्ये ओतावे. अमोनिया उतरला की पुन्हा तेवढाच द्यावा. लवकर व्हावे म्हणून दुप्पट-तिप्पट दिल्यास जिवाणूंची वाढ उलट खुंटते.

ज्यांच्या ओळखीत चालू टँक आहे त्यांचे काम बरेच सोपे होते. त्या टँकच्या फिल्टरमधला मळकट स्पंजचा तुकडा म्हणजे विरजणच. मात्र तो टँकच्याच पाण्यात बुडवून, ओला ठेवून, त्याच दिवशी आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा आणि तो निरोगी टँकमधला असावा, कारण विरजणाबरोबर रोगही येतो. बाटलीतल्या तयार जिवाणूंचा काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही. बाटली उन्हात पडून राहिली असेल तर पैसे वाया जातात. कोणताही मार्ग घेतला तरी तपासणी चुकवता येत नाही.

तारखा मोजणे, पण पाणी न मोजणे

"सहा आठवडे झाले, आता मासे आणू" हा हिशेब चुकीचा आहे. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) मोजणारे थेंबांचे किट विकत घ्यावे. ते पाण्यात बुडवून रंग पाहायच्या कागदी पट्ट्यांपेक्षा महाग असते, पण पहिल्याच खेपेला वाचलेल्या माशांत त्याची किंमत वसूल होते. पहिले एक-दोन आठवडे अमोनिया हलत नाही, मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. येथेच अनेकांचा धीर सुटतो, कारण नायट्राइटच्या नळीतला गडद जांभळा रंग कधीकधी तीन आठवडे तसाच राहतो. २ पीपीएम अमोनिया दिल्यानंतर २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट दिसले, तर टँक तयार झाला. त्यानंतर साठलेले नायट्रेट काढण्यासाठी निम्म्याहून अधिक पाणी एकदा बदलावे.

आकडे आठवडाभर जागचे हलत नसतील तर पीएच पाहावा. या प्रक्रियेत आम्ल तयार होते आणि ते पेलायला पाण्यात कार्बोनेट क्षार लागतात. आरओचे पाणी "शुद्ध" म्हणून भरणाऱ्यांचा पीएच सहाच्या खाली घसरतो आणि जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते. त्यांनी थोडे पाणी बदलून त्या जागी क्लोरीन काढलेले नळाचे पाणी घालावे.

नाशिकचे पाणी

शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचे पाणी मिळते आणि त्यात क्लोरीन असतो, तो असायलाच हवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. आपल्याला रोगांपासून वाचवणारा हा क्लोरीन स्पंजवरच्या जिवाणूंनाही मारतो. पाणी बादलीत एअर स्टोन (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून २४ तास ठेवावे किंवा दुकानातले अँटिक्लोरीन थेंब वापरावेत. त्यांतील मुख्य द्रव्य बहुधा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओतले हायपो असते. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली असेल त्या आठवड्यात पाणी बदलूच नये, हा नियम मी वॉचमनला विचारून पाळतो.

अनेक सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात त्याच टाकीत बोअरचे पाणीही सोडतात. असे पाणी जड, म्हणजे क्षारांचे प्रमाण जास्त असलेले, असते आणि त्याचा पीएच बहुधा चढा असतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्ध्या टक्क्याच्या आसपास भागच तीव्र विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. किटवर तोच आकडा दिसूनही एका घरात मासे तगतात आणि शेजारच्या घरात मरतात, याचे हे एक कारण आहे.

दगडांबद्दलही थोडे सांगायला हवे. आपला काळा बसाल्ट टँकसाठी निर्धोक असतो, पण नाशिक-सिन्नर पट्ट्यातल्या बसाल्टच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे देखणे नमुने पाहायला मिळतात. त्यांतले झिओलाइट पाणी जड करत नाहीत, पण सोबतचे कॅल्साइट करते. स्फटिकावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत आणि फेस आला तर तो दगड शोकेसमध्ये ठेवावा. संगमरवराचे तुकडे आणि शिंपले यांनाही हीच कसोटी लावावी.

थंडी आणि गेलेली वीज

निफाडचा पारा वर्तमानपत्रांत झळकू लागला की घरातले दहीही लागत नाही, आणि टँकमधले जिवाणूही तसेच मंदावतात. माझ्या डिसेंबरातल्या टँकमध्ये हीटर नव्हता. ६० लिटरला ७५ वॉटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर पुरतो आणि सायकल होत असताना तापमान २६ ते २८ अंश ठेवावे. पाणी काढण्यापूर्वी हीटरचा प्लग काढावा. उघड्या पडलेल्या गरम हीटरवर गार पाणी पडले की काच तडकते. वीज चार-पाच तास गेली तर बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात, म्हणून तो पुन्हा सुरू करण्यापूर्वी आतले पाणी फेकून स्पंज टँकच्या पाण्यात खळबळून घ्यावा. बॅटरीवरचा एअर पंप घरात असावा.

गढूळपणा पाहून घाबरणे

पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ होते. ते दुसऱ्याच, झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूंमुळे होते आणि काही दिवसांत आपोआप निवळते. या वेळी सगळे पाणी बदलले तर दुधाळपणा लांबतो. निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, मुख्य टँकमध्ये टाकूच नये, कारण त्याने स्पंजवरच्या जिवाणूंना इजा होते. आजारी मासा वेगळ्या टबात काढून तेथेच औषध द्यावे.

मासे आधीच आणले असतील तर दोन दिवस खाद्य बंद ठेवावे, रोज तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी त्याच तापमानाच्या क्लोरीनविरहित पाण्याने बदलावे आणि नायट्राइट दिसत असेल तर लिटरमागे अर्धा ग्रॅम मीठ विरघळवून घालावे; मिठातील क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरणे कमी होते. पाणी बदलताना काढलेल्या पाण्याबरोबर मीठही जाते, तेव्हा नव्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे. ज्यांचा टँक सायकल होऊन तयार आहे त्यांनी आधी पाच-सहा गप्पी आणावेत, दिवसातून एकदा दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे आणि पुढचे मासे आणण्यापूर्वी आठवडाभर रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासावे. "काच साफ ठेवतो" म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर मासा मात्र दुकानातच राहू द्यावा. तो फूटभराहून मोठा होतो, दोन फुटी टँकमध्ये मावत नाही, आणि मग गोदावरीत सोडला जातो, जेथे तो मुळात असायलाच नको.