आरोग्य परिषदेत सादरीकरण करायचंय? निघण्याआधी एवढं हातावेगळं करा

पीएसएमचे (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचे) रेसिडेंट, एमपीएचचे (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी, प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी, संस्थांचे कार्यकर्ते, अशा पहिल्यांदाच परिषदेत उभं राहणाऱ्या सगळ्यांसाठी ही तयारीची यादी आहे. उदाहरण एकच घेतलंय, बायकांची मशेरी सोडवण्याच्या कामाचं. एक तर ते आपल्याकडचं काम आहे. दुसरं म्हणजे 2016-17 च्या गॅट्स पाहणीत (प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या पाहणीत) महाराष्ट्रात 15 वर्षांवरच्या 26.6 टक्के लोकांना तंबाखूची सवय होती, आणि ओढणारे एकूण लोकांत जेमतेम 3.8 टक्के होते. आपला प्रश्न चघळण्याचा आणि लावण्याचा आहे. बाहेरच्या राज्यांतल्या श्रोत्यांना तो आपणच नीट सांगू शकतो.

आधी परिषद कुणाची आहे ते तपासा. इंडियन पब्लिक हेल्थ असोसिएशन 1956 पासून आणि इंडियन असोसिएशन ऑफ प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन 1974 पासून काम करते आहे. अशा संघटनांच्या राष्ट्रीय आणि राज्य परिषदांमध्ये तुमचं काम समजणारी माणसं भेटतात. तुमचं नाव घालून गोड ईमेल येतो, आठ दिवसांत स्वीकृती मिळते आणि लगेच मोठी फी मागतात, अशा ठिकाणी पैसे भरू नका. आधी विभागप्रमुखांना विचारा. आणखी एक गोष्ट आपल्या विषयात फार महत्त्वाची आहे: प्रायोजकांची यादी वाचा. भारताने 2004 मध्ये मान्य केलेल्या तंबाखू नियंत्रण करारातलं कलम 5.3 धोरणं ठरवताना तंबाखू उद्योगाला लांब ठेवायला सांगतं. त्या कंपन्यांच्या पैशाच्या मंडपात मशेरीवर बोलायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एथिक्स कमिटीचं पत्र फाइलमध्ये आहे ना, ते आजच बघा. अॅबस्ट्रॅक्टच्या, म्हणजे गोषवाऱ्याच्या, फॉर्मवर मंजुरीचा क्रमांक बहुधा मागतातच, आणि काम झाल्यावर मागच्या तारखेची मंजुरी मिळत नसते. फोटोंसाठी वेगळी संमती लागते. काळ्या पडलेल्या हिरड्यांचा फोटो दाखवायचा असेल तर चेहरा दिसता कामा नये. शिवाय त्या बाईला स्पष्ट सांगितलेलं असावं की हा फोटो मोठ्या पडद्यावर, अनोळखी डॉक्टरांसमोर दिसणार आहे. दवाखान्यातल्या केसपेपरवर अंगठा घेतला म्हणजे ही संमती मिळाली, असं होत नाही.

आता गोषवारा. 250 ते 300 शब्दांची मर्यादा असते. बरेचजण त्यातले निम्मे शब्द तंबाखू किती वाईट हे सांगण्यात घालवतात. तंबाखूने कर्करोग होतो हे परीक्षकांना माहीत आहे. एखादा नेमका संदर्भ पुरे. उदाहरणार्थ, 2004 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मुंबईच्या अभ्यासात, गरोदरपणी धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं होतं. एवढं एक वाक्य लिहा आणि पद्धतीकडे वळा. किती सभा घेतल्या, किती पत्रकं वाटली, हा तुमच्या कष्टांचा हिशेब झाला. निष्कर्षात तो नको. कुणाची सवय सुटली, किती दिवस सुटलेली राहिली आणि ते तुम्ही कसं ठरवलं, हे निष्कर्षात यायला हवं.

सवय किती जणींची सुटली या हिशेबावरच सादरीकरण तरतं किंवा बुडतं, म्हणून इथे जरा थांबा. समजा 200 बायकांची नोंद केली. सहा महिन्यांनी 140 जणी भेटल्या आणि त्यातल्या 35 जणींनी मशेरी सोडल्याचं सांगितलं. भेटलेल्यांत हे प्रमाण 25 टक्के येतं, नोंदवलेल्यांत साडेसतरा टक्के. मोठ्या अक्षरात साडेसतराच लिहा. ज्या भेटल्या नाहीत त्यांनी सोडलेली नाही असं धरण्याचा रिवाज तंबाखूमुक्तीच्या अभ्यासांत रुळलेला आहे. 25 टक्के खाली लिहा आणि दोन्ही आकड्यांचा छेद (200 आणि 140) दाखवा. मग न भेटलेल्या 60 जणी कुठे गेल्या ते सांगा. नोव्हेंबरात ऊसतोडीला गेल्या, बाळंतपणाला माहेरी गेल्या, की दार उघडून ‘आत्ता वेळ नाही’ म्हणाल्या? या तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. ऊसतोडीच्या हंगामात पाठपुरावा ठेवणं ही आखणीतली त्रुटी आहे, आणि ती मोकळेपणाने मांडली तर पुढच्या जिल्ह्यातला माणूस वेळापत्रक बदलेल. ‘सोडली’ म्हणजे नक्की काय, हेही आधी ठरलेलं हवं: गेल्या सात दिवसांत एकदाही लावली नाही, की गेल्या तीस दिवसांत? लघवीतलं किंवा लाळेतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) तपासलं नसेल तर ‘स्वतः सांगितलेलं’ असं स्लाइडवरच लिहा. नाहीतर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

तुमचं काम फक्त समजावून सांगण्यापुरतं होतं की त्यापलीकडे गेलं, हेही तपासा. 21 नोव्हेंबर 1986 ला आरोग्य संवर्धनाची ओटावा सनद मांडली गेली. तिने कामाच्या पाच वाटा सांगितल्या: आरोग्याला पोषक धोरण, अनुकूल परिसर, लोकांची सामूहिक कृती, व्यक्तीची कौशल्यं आणि आरोग्यसेवेची नव्याने मांडणी. तुम्ही त्यातल्या कोणत्या वाटेने गेलात? शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे. ग्रामपंचायतीने ती पाळायला लावली का? बचत गटाच्या बैठकीत मशेरीची डबी फिरायची थांबली का? पाचही वाटांवर चाललो असा आव आणू नका. एक-दोनच असतील तर तेवढ्याच नीट सांगा.

आकड्यांच्या बरोबरीने एक गोष्ट अगदी जवळून दाखवा. सकाळी चुलीवरच्या तव्यात तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात, त्याचा उग्र वास घरभर पसरतो. मग ती चुरून डबीत भरतात आणि बोटाने हिरडीला लावतात. दात घासण्यापासून सुरुवात होते आणि मग दिवसातून चार-पाच वेळा लागते. ‘लावल्याबिगर परसाकडं होत नाही’ हे कारण बायका मनापासून सांगतात. त्याला सल्ला देणाऱ्या आशाताईकडे उत्तर असलं पाहिजे: पाणी, भाजीपाला, आणि पहिल्या काही दिवसांत बद्धकोष्ठता होऊ शकते ही आगाऊ सूचना. सभागृहातल्या माणसांना उद्यापासून वापरता येईल अशी माहिती ती हीच. तिला पूर्ण मिनिट द्या.

परिषदेआधी निकाल गावाला दाखवा. मासिक बैठकीत आशाताई, गटप्रवर्तक आणि एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) यांच्यासमोर मराठीत सगळं सादरीकरण करा. नोंदी त्यांनी ठेवल्यात, चूक असेल तर त्यांच्याच आधी लक्षात येईल. ज्यांनी खरोखर काम आखलं, माहिती गोळा केली आणि मसुदा वाचून दुरुस्त केला त्यांची नावं लेखकांत घाला. ज्यांनी फक्त सही केली त्यांचे आभार माना. शक्य असेल तिथे एखाद्या आशाताईंना सोबत न्या आणि त्यांच्या प्रवासाचे, मुक्कामाचे पैसे संस्थेच्या अंदाजपत्रकातच धरा. त्यांची मजुरी बुडवून त्यांना मंचावर बसवणं योग्य नाही.

तांत्रिक गोष्टी झटपट. आठ मिनिटं मिळाली तर आठ-नऊ स्लाइड खूप झाल्या, आणि बोलायचे शब्द आठशेच्या आसपास ठेवा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधली अक्षरं परक्या लॅपटॉपवर चौकोन होऊन बसतात. फाइलची पीडीएफ पेनड्राइव्हवर आणि ईमेलवर ठेवा. लाल-हिरवा भेद न कळणारे पुरुष प्रत्येक सभागृहात असतात, म्हणून आलेखात निळा आणि नारिंगी वापरा. पोस्टर असेल तर आयोजकांनी दिलेलं माप आणि उभं की आडवं ते वाचूनच फ्लेक्सवाल्याकडे जा. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, ती तारीख लिहून ठेवा. ड्युटी लीव्हचा अर्ज स्वीकृतिपत्र जोडून लगेच द्या.

प्रश्नोत्तरांसाठी शेवटी तीन राखीव स्लाइड ठेवा: तुलनेसाठी दुसरं गाव का घेतलं नाही, एका बाईमागे किती भेटी आणि किती खर्च, आणि प्रकल्प संपल्यावर हे कोण चालवणार. तिसऱ्या प्रश्नाला ‘शासनाने चालवावं’ एवढंच उत्तर देऊ नका. आशाताईंच्या गृहभेटीत किती मिनिटं वाढतात, तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा 1800-11-2356 हा नंबर कुणी वापरला का, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी काय बोलणं झालं, हे सांगा.

परतल्यावर विचारलेले प्रश्न त्याच आठवड्यात लिहून काढा, कारण शोधनिबंधाचं चर्चेचं प्रकरण त्यातूनच तयार होतं. प्रवासभत्त्याचं बिल आणि हजेरीचं प्रमाणपत्र कार्यालयात द्या. आणि ऊसतोडीच्या टोळ्या एप्रिलच्या सुमारास गावी परततात, तेव्हा राहिलेल्या बायकांच्या भेटींची तारीख आशाताईंना विचारून आत्ताच ठरवा.