स्वस्त आणि महाग स्ट्रॅट शेजारी ठेवून पाहताना

फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, म्हणजेच स्ट्रॅट, ही इलेक्ट्रिक गिटार 1954 सालची. तिचंच स्वस्त रूप 1982 पासून स्क्वायर या नावानं मिळतं. दोन्हींची स्केल लांबी, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, तीच, साडेपंचवीस इंच. त्यामुळे दुकानात तुलना करायची तर आधी दोन्हींना एकाच जाडीच्या तारा आहेत का ते विचारा. एकीला नऊच्या आणि दुसरीला दहाच्या तारा (हा आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत) असतील, तर हाताला जाणवणारा फरक गिटारचा नसून तारांचा असतो!

मग बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) जाड ई तारेची, म्हणजे सर्वांत जाड तारेची, फ्रेटपासूनची उंची बघा. साधारण 1.6 मिमी असेल तर वाजवायला सुखाचं. स्वस्त गिटार बहुतेकदा इथेच मार खाते, कारण तिचं सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरेची जुळवणी, नीट झालेलं नसतं. ते नंतर करून घेता येतं. नेकच्या कडेवरून बोट फिरवा, फ्रेटची टोकं टोचतात का? तार ओढून सोडल्यावर सूर उतरतो का? उतरत असेल तर नटच्या (नेकच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून पाहा, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.

आवाज मात्र एकाच अँपवर (अँप्लिफायरवर), डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटका करणारा परिणाम, बंद ठेवूनच ऐका. स्वस्त मॉडेलांत बहुधा सिरॅमिक चुंबकाचे पिकअप (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारे भाग) असतात, महागड्यांत अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाचे. पिकअप पुढे बदलता येतात. नेक हाताला बसत नसेल, तर ती गिटार मी घेणार नाही, कितीही स्वस्त असो.