ऑर्डरच्या ईमेलवरून ट्रेलोचं कार्ड आपोआप कसं बनवावं: फाउंड्रीच्या ऑफिससाठी एआय जोडणी

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या ऑफिसात सकाळी साधारण असा ईमेल येतो: "ब्रॅकेट, एसजी ५००/७, २०० नग, पहिले ८० ०५/०६ पर्यंत, बाकी महिनाअखेर." कोणीतरी तो वाचतं आणि ट्रेलोवर (कामांची कार्डं लिस्टमध्ये मांडणारा ऑनलाइन बोर्ड) कार्ड बनवतं. हे टायपिंग एआयकडे देता येतं. इथे ट्रेलोला एन-एट-एन (n8n, वेगवेगळी अॅप्स जोडून कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर) जोडलं आहे, कारण ते ऑफिसातल्या पीसीवरही चालतं.

एक नियम आधीच ठरवा: एआयने कार्ड भरायचं, सरकवायचं नाही. बोर्डावर सगळ्यात डावीकडे 'तपासायचं' ही लिस्ट ठेवा, मग पॅटर्न, मोल्डिंग, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई), डिस्पॅच. नवीन कार्ड पहिल्या लिस्टमध्ये पडेल आणि माणूस ते वाचून पुढे नेईल. कार्ड वाचायला अर्धा मिनिट लागतो. चुकीच्या ग्रेडची हीट (एका वेळचा वितळलेला धातू) ओतली की कास्टिंग थेट भंगारात.

ट्रेलोची किल्ली

जोडणीसाठी वेगळं ट्रेलो खातं उघडा आणि त्याला फक्त या बोर्डाचं सदस्य करा. टोकन (जोडणीला परवानगी देणारा कोड) ज्याच्या खात्याचं, त्याचेच अधिकार जोडणीला मिळतात. मालकाच्या खात्यावरून काढलं तर त्यांची सगळी बोर्डं उघडी पडतात. मोफत प्लॅनमध्ये एका वर्कस्पेसला १० जणांची मर्यादा आहे, त्यात हे खातंही मोजलं जातं.

त्या खात्याने लॉगिन करून ट्रेलोच्या पॉवर-अप अॅडमिन पानावर नवीन पॉवर-अप (ट्रेलोची जोड-सुविधा) बनवा. नाव काहीही द्या, आयफ्रेमचा रकाना रिकामा सोडा. एपीआय की (दुसऱ्या प्रोग्रॅमसाठीची किल्ली) तयार करा, मग तिच्या शेजारच्या मजकुरातल्या टोकनच्या लिंकवर जाऊन परवानगी द्या. त्याच पानावर 'सीक्रेट' असतं, ते टोकन नव्हे. अनेक जण तेच चिकटवतात आणि मग जोडणी का नाकारली जाते हे शोधत बसतात.

कार्ड कुठे टाकायचं हे सांगायला लिस्टचं नाव चालत नाही, तिचा २४ अक्षरी आयडी लागतो. ब्राउझरमध्ये बोर्डाच्या पत्त्याच्या शेवटी डॉट जेसन (.json) जोडा. उघडलेल्या मजकुरात 'तपासायचं' शोधा, आयडी त्याच्या आसपासच मिळेल. पत्त्यात दिसणारा आठ अक्षरी कोड बोर्डाचा असतो, लिस्टचा नाही.

ईमेल वाचणं

एन-एट-एन डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) चालवलं की ब्राउझरमध्ये ५६७८ पोर्टवर उघडतं. सुरू करतानाच टाइमझोनची सेटिंग आशिया/कोलकाता करा, नाहीतर ते न्यूयॉर्कच्या वेळेवर चालतं आणि 'आजची तारीख' सकाळी कालची निघते.

ईमेलसाठी आयमॅप ट्रिगर (नवा ईमेल आला की काम सुरू करणारी पायरी) घ्या. जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून अॅप पासवर्ड काढावा लागतो. हा ट्रिगर मुळात न वाचलेले ईमेलच उचलतो. म्हणजे कोणी मोबाइलवर ऑर्डर आधी उघडली की तिचं कार्ड बनत नाही आणि एररही येत नाही. त्यामुळे ऑर्डरसाठी कोणी न उघडणारा वेगळा मेलबॉक्स करा आणि मुख्य मेलबॉक्समधून फिल्टरने प्रत तिकडे पाठवा.

एआयला काय विचारायचं

इन्फर्मेशन एक्स्ट्रॅक्टर नोड (मजकुरातून ठरलेले रकाने काढणारी एन-एट-एनची पायरी) घ्या आणि त्याला भाषा मॉडेल जोडा. मॉडेलचं एपीआय खातं वेगळं लागतं. चॅटच्या महिन्याच्या वर्गणीत ते येत नाही. टेम्परेचर (उत्तरं किती बदलती यावीत याची सेटिंग) शून्य ठेवा. रकाने मोजकेच: ग्राहक, पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर, पार्ट, ग्रेड, एकूण नग आणि लॉटची (माल पाठवायच्या हप्त्यांची) यादी.

खरी मेहनत सूचनेत आहे. वरचाच ईमेल घ्या. 'एसजी ५००/७' हा ग्रेड आहे, पण नुसतं 'नग काढ' म्हटलं तर मॉडेल ५०० उचलू शकतं. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकी पद्धतीने ६ मे. म्हणून सूचनेत स्पष्ट लिहा: "एसजी किंवा एफजीच्या पुढचा आकडा ग्रेडचाच आहे. तारखेत आधी दिवस, मग महिना. आजची तारीख अमुक आहे. आकड्यापुढे नग आहे की किलो, ते जसंच्या तसं लिही. ईमेलमध्ये जे नाही तो रकाना रिकामा ठेव, अंदाज करू नको." शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. ते नसेल तर रिकाम्या पीओ नंबरच्या जागी कधीतरी छान दिसणारा खोटा नंबर येतो, आणि तो चटकन ओळखूही येत नाही.

ग्राहकाची ड्रॉइंग मॉडेलकडे पाठवू नका. गोपनीयतेचा करार असेल तर ईमेलचा मजकूरही पाठवण्याआधी विचारा.

कार्ड बनवणं

ट्रेलो नोडमध्ये कार्डच्या नावात पीओ नंबर आणि पार्ट, वर्णनात सगळे लॉट आणि खाली मूळ ईमेल जसाच्या तसा द्या, म्हणजे तपासणाऱ्याला दुसरी खिडकी उघडावी लागत नाही. ड्यू डेट पहिल्या लॉटची. नुसती तारीख पाठवली तर ट्रेलो ती युटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरतो आणि आपल्याकडे सकाळी साडेपाच दिसते. पहिली शिफ्ट यायच्या आधीच कार्ड लाल! तारखेबरोबर संध्याकाळची वेळ आणि शेवटी अधिक ०५:३० लिहा.

सुधारित पीओ आला की दुसरं कार्ड बनतं आणि माल दोनदा निघू शकतो. म्हणून आधी बोर्डावरची कार्डं मागवून पीओ नंबर जुळवा. सापडला तर त्याच कार्डावर कॉमेंट टाका.

उलटी दिशा, नंतर

इथवर ऑफिसचा पीसी पुरतो, कारण तोच बाहेर जाऊन विचारतो. पण कार्ड 'डिस्पॅच'मध्ये गेल्यावर ग्राहकासाठी ईमेलचा मसुदा हवा असेल, तर ट्रेलोला आत यावं लागतं आणि त्यासाठी इंटरनेटवरून उघडणारा पत्ता हवा. पीसी बंद असेल तर ट्रेलो ३०, ६० आणि १२० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो, मग सोडून देतो. वीज पाच मिनिटं गेली की ती नोंद गेली. या कामासाठी सर्व्हर भाड्याने घेतलेला बरा.

एन-एट-एनमध्ये चाचणीचा आणि खरा वेबहुक पत्ता (जिथे ट्रेलो बदलाची नोंद पाठवतो) वेगळा असतो. वर्कफ्लो (पायऱ्यांची पूर्ण साखळी) सक्रिय केल्याशिवाय खरा चालत नाही. कार्डाचं नाव बदललं तरी ट्रेलो तीच 'अपडेट कार्ड' नोंद पाठवतो, म्हणून आधीची लिस्ट आणि नंतरची लिस्ट दोन्ही तपासा. आणि जोडणीच्या खात्याने केलेले बदल पहिल्याच पायरीत गाळून टाका, नाहीतर तिने टाकलेली कॉमेंट तिलाच पुन्हा जागं करते आणि एआयचं बिल रात्रभर वाढत राहतं.

सुरू करण्याआधी गेल्या महिन्यातल्या २० ऑर्डरी यातून चालवून हाताने ताडून पाहा. मराठी अंकांतली एखादी आणि दोन पार्ट असलेली एखादी त्यात हवीच. शेवटी एन-एट-एनची एन्क्रिप्शन की (साठवलेले पासवर्ड उलगडणारी किल्ली) पीसीबाहेर कुठेतरी जपून ठेवा. ती हरवली तर बॅकअप असूनही साठवलेले सगळे पासवर्ड आणि टोकन नव्याने भरावे लागतात.