इंधनाचा काटा चुकीचा दाखवतोय? टाकी उघडण्याआधी हे तपासा

टाकी भरूनही काटा तळाशीच पडून राहिला, किंवा अर्ध्यावरून एकदम शून्यावर आला, की पहिला सल्ला मिळतो तो ‘टाकीतला सेन्सर बदला’ असा. पुष्कळदा तो बरोबरही निघतो. पण निसटलेली अर्थची (गाडीच्या बॉडीला जोडलेली) वायर किंवा गंजलेला कनेक्टरही अगदी हीच लक्षणं दाखवतो, आणि तो दुरुस्त करायला टाकी उघडावी लागत नाही. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढणं हे धोक्याचं काम आहे. ते सगळ्यात शेवटी, आणि दोष तिथेच आहे याची खात्री पटल्यावरच करायचं.

आतली रचना साधी आहे. टाकीत एका दांडीच्या टोकाला फ्लोट तरंगतो. इंधनाची पातळी बदलली की दांडी हलते आणि तिला जोडलेली छोटी पत्ती रेझिस्टन्सच्या पट्टीवरून सरकते. किती रेझिस्टन्स आहे यावरून डॅशबोर्डवरचा काटा ठरतो. मात्र सगळ्या गाड्यांत आकडे सारखे नसतात. एका प्रचलित पद्धतीत रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम असतात. दुसऱ्या पद्धतीत रिकामी असताना १० आणि भरलेली असताना १८०, म्हणजे बरोबर उलट. त्यामुळे मल्टिमीटर हातात घेण्याआधी आपल्या गाडीचे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

लक्षणं काय सांगतात

इंधनासोबत तापमानाचा काटाही चुकत असेल, तर टाकीचा विचार बाजूला ठेवा. दोष डॅशबोर्डवरच्या मीटरच्या फ्यूजमध्ये, वीजपुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये असण्याची शक्यता जास्त. जुन्या गाड्यांत या काट्यांना ठरावीक व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर असतो. तो बिघडला की दोन्ही काटे एकदम वर किंवा खाली जातात.

काटा एकाच टोकाला कायम चिकटलेला असेल, तर वायर तुटलेली किंवा कुठेतरी बॉडीला टेकलेली असू शकते. ठरावीक पातळीवर आल्यावरच तो उड्या मारत असेल, तर पट्टी त्या जागी झिजली आहे. टाकी भरूनही काटा वर येत नसेल, तर फ्लोटला चीर पडून आत इंधन शिरलं असेल आणि तो बुडाला असेल. चढावर किंवा वळणावर काटा थोडा हलणं मात्र बिघाड नव्हे.

नव्या गाडीत आधी स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावा. पी०४६० ते पी०४६३ हे कोड इंधन-पातळीच्या सर्किटचे आहेत. पी०४६२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी०४६३ म्हणजे फार जास्त.

कनेक्टरवरची चाचणी

अर्धं निदान इथेच होतं, म्हणून घाई करू नका. टाकीवरचा कनेक्टर बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखालच्या झाकणाखाली सापडतो. झाकण काढल्यावर पेट्रोलचा वास आला तर चाचणी थांबवा, इग्निशन चालू करू नका. आधी गळती शोधा.

इग्निशन बंद करून कनेक्टर काढा. इंधनाचा पंपही सेन्सरच्याच युनिटमध्ये असेल, तर जाड वायरी पंपाच्या आणि बारीक वायरी सेन्सरच्या असतात. पंपाच्या वायरीला हात लावायचा नाही. नेमकी वायर वायरिंग डायग्रामवरूनच ठरवा. आता इग्निशन चालू करून काटा कुठे जातो ते बघा. पुन्हा बंद करा, गाडीकडून येणारी सिग्नलची वायर साधारण १०० ओहमच्या रेझिस्टरमधून बॉडीच्या स्वच्छ धातूला जोडा आणि मगच इग्निशन चालू करा. जोडणी नेहमी इग्निशन बंद असतानाच करायची, म्हणजे टाकीजवळ ठिणगी उडत नाही. वायर थेट अर्थ करायची पद्धत जुनी आहे, पण त्यामुळे काही मीटर जळू शकतात. रेझिस्टर लावणं जास्त सुरक्षित.

काटा टोक सोडून मधे कुठेतरी आला, तर मीटर आणि तिथपर्यंतची वायर ठीक आहे. काही मीटर काटा मुद्दाम सावकाश हलवतात, म्हणून मिनिटभर वाट बघा. काटा हललाच नाही, तर दोष वायरिंगमध्ये किंवा मीटरमध्ये आहे आणि टाकी उघडून काही हाती लागणार नाही. शेवटी कनेक्टरमधली अर्थची पिन आणि बॉडी यांच्यातला रेझिस्टन्स मोजा. तो जवळजवळ शून्य हवा. नसेल, तर अर्थचा बोल्ट काढून तिथला गंज घासा. कित्येकदा काम इथेच संपतं.

टाकी उघडावीच लागली तर

टाकीत पाव भागापेक्षा कमी इंधन असू द्या. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे पाइपमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि लांबच्या ज्योतीनेही पेटते. पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. युनिट टाकीवर घट्ट धरणाऱ्या लॉक रिंगवर लोखंडी हातोडी किंवा छिन्नी चालवू नका; लाकूड किंवा पितळ वापरा. ज्या गाडीत टाकीच खाली उतरवावी लागते, तिथे हे काम गॅरेजवर सोपवणंच शहाणपणाचं.

युनिट तिरकं करून, दांडी न वाकवता बाहेर काढा आणि टाकीपासून दूर न्या. फ्लोट कानाजवळ हलवा. आत द्रव खळखळला तर तो बदला. मग मल्टिमीटर जोडून दांडी अगदी हळू वरपासून खालपर्यंत फिरवा. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. मधेच जोडणी तुटल्याचं दिसलं, तर तीच झिजलेली जागा. पट्टी नुसती काळवंडली असेल, तर काँटॅक्ट क्लीनर आणि मऊ कापडाने पुसून बघा. पॉलिश पेपर नको, थर फार पातळ असतो. झिजलेली पट्टी मात्र साफ करून सुधारत नाही. सेन्सर बदलावाच लागतो.

बसवताना रबरी सील नवीनच घाला. बॅटरी जोडून आधी थोडं इंधन भरा, काटा हलतो का बघा, नंतर टाकी पूर्ण भरा. वरच्या सीलची गळती टाकी भरलेली असतानाच उघडकीस येते. त्यामुळे सीट बसवण्याआधी इंजिन चालू करून झाकणाभोवती ओल किंवा वास आहे का ते तपासा, आणि असेल तर लगेच इंजिन बंद करून सील पुन्हा बसवा.